टाकं गप्प झालं

एक

मंगळवारी सकाळी, चहाचं आधण अजून उकळायचं होतं, तोच बबनराव गुरुजी काठी टेकत हजराबीच्या दारात येऊन उभे राहिले. पायात चप्पल नाही, डोक्यावर टोपी नाही. पिंपळझरीच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केलेला हा माणूस, टोपीशिवाय कधी उंबरा ओलांडायचा नाही.

"रात्री टाकं बोललं नाई, हजराबी," गुरुजी म्हणाले. "एक आवाज नाई. म्हनून मी पायऱ्या उतरलो, पान्यात हात घातला..."

त्यांनी मूठ उघडली. मुठीत एक बेडूक होता. पोट वर, मागचे पाय ताणलेले, लाकडासारखा ताठ.

गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण कान असे की टाक्याच्या पायरीवर बसून कोणत्या जातीचा बेडूक कोणत्या कोपऱ्यातून ओरडतो ते सांगायचे. गाव त्यांना मागून बेंडूकमास्तर म्हणायचं. म्हणेना का! एके काळी बेडकांच्या तंगड्या परदेशी विकायला गोळा करणारे लोक जीप घेऊन आले होते, तेव्हा हाच माणूस टाक्याच्या तोंडाशी आडवा झोपला होता. टाक्यात ब्लीचिंग पावडर पडू दिली नाही, पाणदिवड सापाला दगड मारू दिला नाही. "अरे, थे दिवड उंदीर खाते, बेंडूक कीड खाते, आन् तुम्ही त्यायच्याच जिवावर उठता," असं म्हणत म्हणत त्यांनी दोन पिढ्यांचे कान पिळले होते.

महादेवाच्या देवळामागचं ते दगडी टाकं, दहा हात लांब, दहा हात रुंद. ओळीनं तिसरं कोरडं वर्ष. कापूस एकदा पेरून जळाला होता, दुसरी पेरणीही वाळू लागली होती. नाला आटला, विहिरी आटल्या, आणि आसपासचे जेवढे म्हणून बेडूक होते ते सगळे या गुडघाभर पाण्यात येऊन राहिले होते. सात जाती, गुरुजी सांगायचे. त्यांच्या मागे दोन दिवडी आल्या, एक कासव आलं.

हजराबी जाऊन पाहते तो काय, पाणी दिसतच नव्हतं. नुसती पांढरी पोटं. त्यांच्यामध्ये एक दिवड दोरीसारखी सैल पडलेली. कासव पायरीवर चढून आलं होतं, मान बाहेर काढून तिथंच मेलं होतं.

"वास येतो का औषधाचा? मले तं नक्की समजेना." गुरुजींनी विचारलं.

"माह्यं नाक तर टायफाइडात गेलं नं, गुरुजी. मले अत्तर काय आन् शेन काय."

तोवर गाव जमलं होतं. पुंडलिकराव पुढे झाले. साठ एकरांचा धनी, गावात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी वरच्या पायरीवरचा एक पत्र्याचा डबा पायानं उलटा केला. कपाशीवर फवारायच्या औषधाचा रिकामा डबा.

"हा डबा वळखता का?" पुंडलिकराव म्हणाले. "अब्रारच्या दुकानामागचा हाये. त्यानंच पंप धुतले इथं."

अब्रार म्हणजे हजराबीचा एकुलता एक मुलगा. देवळाच्या वळणावर त्याचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं टपरीवजा दुकान होतं. रिकामे डबे कापून तो नरसाळी बनवायचा, म्हणून दुकानामागे डब्यांचा ढीग असायचा. सगळ्या गावाला ठाऊक.

"मी काहून धुईन इथं? माह्याकडं हापशी हाये नं!" अब्रार ओरडला. पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. सगळे डब्याकडे पाहत होते.

सरपंच बेबीताई बाई तशी न्यायाची, पण तिचाही आवाज बदलला होता. कालच तर तिनं पुढे होऊन गावची धोंडी काढली होती, पाऊस मागितला होता. आणि आज हे.

"गुरुवारी संध्याकाळी पारावर बसू," बेबीताई म्हणाली. "अब्रारनं त्याआधी काही सांगितलं तं ठीक. नाई तं टपरी उचलावी आन् गाव सोडावं."

दोन

हजराबीनं त्या दिवशी बांगड्यांची टोपली उचललीच नाही. तिचे तळहातही परवापासून खाजत होते. नव्या लाखेच्या बांगड्यांचा रंग वाईट असेल, असं म्हणून तिनं खोबरेल चोळलं आणि ग्रामपंचायतीच्या ओसरीवर गेली. डबा तिथं पुरावा म्हणून ठेवला होता. राखायला कोणी नाही. पुराव्याची एवढीच किंमत!

तिनं आत हात घातला. चाळीस वर्षं काचा हाताळलेली बोटं. तोंडाच्या आतल्या काठाखाली तिला दोन बारीक मणी लागले. पत्र्याला घट्ट चिकटलेले. ती डबा पदराखाली घेऊन थेट गुरुजींकडे गेली.

गुरुजींनी बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा दिवसात पहिल्यांदा जरा हलला.

"पालीची अंडी आहेत ही, हजराबी. पाल ती ओली असताना चिकटवते, मग वाळून टणक होतात. दीड-दोन महिने तशीच राहतात. अख्खी हायेत का?"

"अख्खी. दुधासारखी पांढरी."

"मग या डब्यातून सोमवारी रात्री कोणी औषध ओतलं नाई. भरलेल्या डब्यात पाल शिरत नाई, आन् याच काठावरून औषध वाहिलं असतं तर अंडी अशी कोरी राहिली नसती. हा डबा आधीपासूनच रिकामा पडून होता."

हजराबी तिथंच भिंतीला टेकली. पोरगं सुटलं, असं वाटून तिला रडूच आलं. मग डोळे पुसता पुसता तिच्या मनात दुसरंच आलं.

"गुरुजी, मग यानं बेंडूक नाई मेले. कोनीतरी मागून आनून ठेवला."

"हं."

"आन् ज्यानं ठेवला त्याले सकाळीच माहीत होतं, का हे औषधानंच मेले. तुम्ही-आम्ही तं टाकं पाहूनच राह्यलो होतो, वास येतो का, इचारून राह्यलो होतो. त्याले इचारायचं कामच पडलं नाई."

गुरुजी डबा मांडीवर घेऊन बसले.

"ऑस्ट्रेलियात एक बेंडूक होता," मग ते म्हणाले. "मादी अंडी गिळायची, पोटात पिल्लं वाढवायची आन् तोंडातून बाहेर सोडायची. साऱ्या दुनियेत असं दुसरं जनावर नाई. माणसानं त्याले नीट पाह्यलं न पाह्यलं, तर तो संपला. मी पोरायले सांगायचो, आपल्या टाक्यात काय हाये थे आधी पाहून घ्या रे. कोनाले सांगू आता?"

तीन

बुधवारी हजराबीनं टोपली डोक्यावर घेतली.

बांगडीवालीचा एक कायदा असतो. बाईचा हात हातात घेऊन बांगडी चढवताना ती जे बोलते, ते दुसऱ्या दारी न्यायचं नाही. नेलं की त्या दिवसापासून गावातली सगळी दारं बंद. हजराबीच्या सासूनं तिला हा कायदा पहिल्या दिवशी सांगितला होता आणि तिनं तो कधी मोडला नव्हता. कोणाची नवऱ्याशी बोलाचाल बंद आहे, कोणाला दिवस गेलेत, सगळं तिच्या पोटात. पण हात पाहायला तर कोणी मना केलं नव्हतं.

पहिल्या घरी धोंडीच्या पोरींपैकी एक भेटली. तळहात लाल, बोटांच्या पेरांवर फोड. दुसऱ्या घरी दुसरी. तीच गत. तिसऱ्या घरची पोरगी मात्र हातात हात देऊन खिदळत बसली, तळवे लोण्यासारखे.

"तू धोंडीत काय धरलं होतं वं?" हजराबीनं विचारलं.

"मी कडुनिंबाच्या डहाळ्या धरल्या होत्या, मावशी. मुसळ तं त्या दोघींच्या खांद्यावर होतं."

मुसळ! हजराबीच्या हातातली हिरवी बांगडी तडकली.

हे मुसळ म्हणजे पिंपळझरीचं कौतुक होतं. गिरण्या आल्या, मिक्सर आले, तशी घरोघरची मुसळं चुलीत गेली. उरलं ते एकट्या हजराबीचं, तिच्या सासूच्या सासूचं, खालच्या टोकाभोवती लोखंडी कडी ठोकलेलं. गावातल्या लग्नाच्या हळदीला ते जायचं. पावसानं दडी मारली की धोंडीलाही तेच. मधोमध बेडूक बांधायचा, डहाळ्या बांधायच्या, पोरींनी खांद्यावर घेऊन घरोघर फिरायचं. बाया वरून पाणी ओतायच्या. दिवस बुडताना बेडूक टाक्यात सोडायचा आणि मुसळ रातभर टाक्याच्या कोपऱ्यात उभं ठेवायचं, ही पिंपळझरीची आपली रीत. हिंदूंची धोंडी आन् मुसलमानाचं मुसळ, म्हणून आमच्याकडे पाऊस येतो, असं बेबीताई कळंबच्या बाजारात ऐटीत सांगायची.

सकाळी मुसळ काढून परत करायचं काम पाळीनं एकेका घराचं. औंदा पाळी पुंडलिकरावांची.

हजराबीला आता मंगळवारची सकाळ आठवली. टाक्यावरून ती घरी परतली तेव्हा मुसळ ओसरीला टेकून उभं होतं. धोंडीनंतर दर खेपेला ते हळदीकुंकवानं माखलेलं, पाल्यासकट परत यायचं. औंदा स्वच्छ आलं होतं, सोड्यानं घासून. तेव्हा तिला वाटलं होतं, बाप्पा, किती रीतीची माणसं!

चार

पुंडलिकरावांची नवी सून प्रेरणा केळापूरकडची. वैशाखात लग्न झालेलं. हातातला हिरवा चुडा दोनच महिन्यांत निम्मा फुटला होता. हजराबी तिच्यापुढे बसली आणि तिनं प्रेरणाचा हात उलटा केला.

तळहाताची साल निघाली होती. आतलं मांस गुलाबी दिसत होतं.

"कशानं झालं, पोरी?"

प्रेरणानं आतल्या दाराकडे पाहिलं. सासू शेजारी गेली होती.

"औषध ढवळून ढवळून," ती पुटपुटली. "दुसरी पेरनी उगवली तं तिच्यावर मावा पडला. मामंजी म्हने, गडी कायले लावायचा, सून हाये नं घरात. ड्रममध्ये औषध टाकायचं आन् ढवळायचं. आठ दिवस."

"कशानं ढवळलं?"

हजराबीनं बांगडी चढवायला सुरुवात केली, अगदी सावकाश, सोललेल्या जागेला धक्का न लावता.

"मुसळानं," शेवटी प्रेरणा म्हणाली. "लग्नाच्या हळदीचं मुसळ आमच्याकडंच राह्यलं होतं. ड्रम खोल, दुसरी काठी पुरे ना. तुम्ही रविवारी मागायले आल्या तं मामंजीनं तसंच पाठवलं. मी म्हनलं होतं धुऊन द्या म्हनून. मावशी, मी सांगितलं असं कोनाले बोलाल तं मले माहेरी घालून देतीन. माह्या मायच्या घरी मागच्या दोघी बहिनी हायेत लग्नाच्या. तुम्हाले माह्या चुड्याची आन हाये."

हजराबीनं मान हलवली. चुड्याची आण आणि सासूचा कायदा, दोन्ही एकदमच तिच्या मानेवर बसले.

घरी येऊन तिनं मुसळ उचललं आणि गुरुजींकडे नेलं. गुरुजींनी नाक कडीजवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं.

"वरून सोडा, खालून औषध. कडीखाली फट आहे का?"

तिनं सुई घालून फट कोरली. चिकट, पिवळट गाळ निघाला. गुरुजींनी तो पाण्याच्या पेल्यात टाकायला सांगितला. टिकलीएवढा गाळ, पण अख्खा पेला बघता बघता ताकासारखा पांढरा झाला.

"रातभर उभं होतं हे," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "गुडघाभर पान्यात. आन् सारे जीव त्याच पान्यात."

"गुरुजी," हजराबी म्हणाली. "रविवारी मुसळ आलं तं मी थे मांडीवर घेऊन फडक्यानं पुसलं होतं. तेल लावलं होतं. माह्या मेल्या नाकाले वास आला असता तं मी देल्लंच नसतं. मीच देल्लं, गुरुजी. ह्या हातानं."

तिनं तळहात पुढे केले. गुरुजींना ते दिसले नाहीत. त्यांनी बोटं फिरवली, फोड लागले तिथं थांबले, आणि तिचे हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसले. दोन दिवस ती खोबरेल चोळत होती आणि गावभर दुसऱ्यांचे हात पाहत हिंडत होती.

पाच

गुरुवारी दुपारी ती एकटीच पुंडलिकरावांच्या ओट्यावर गेली.

"भाऊ, तुम्ही सकाळी मुसळ काढाले गेलते. मुसळाभोवती पानी पांढरं झालं असन, बेंडूक मेलेले असतीन. तुम्ही समजले. मंग मुसळ घासलं, आन् माह्या पोराच्या ढिगातला डबा नेऊन ठेवला. पन डब्यात पालीची अंडी होती, थे तुम्हाले दिसले नाई."

पुंडलिकराव हा माणूस काही राक्षस नव्हता. दोनदा पेरून दोनदा हरलेला, डोळे खोल गेलेले.

"माह्या घरानं धोंडी नासवली असं गाव म्हनन," ते म्हणाले. "पाऊस न येन्याचं पाप माह्या दारी. मले गावात राहू देतीन का? तुम्ही सांगा नं पारावर, सांगा. पहिला सवाल काय येईन? मुसळ कोनाचं? भाभी, मुसळ तुमच्या घरचं, पंप तुमच्या पोराचे. मी म्हनन, मी तं चांगलं धुऊन देल्लं होतं."

हजराबी उठली. उत्तर तिच्या तोंडात होतं, आतल्या दारात उभं होतं, प्रेरणाच्या हिरव्या चुड्यात. ते तिला बोलायचं नव्हतं.

संध्याकाळी पारावर सगळं गाव. हजराबीनं मुसळ कोणाच्या घरून आलं तेवढं सोडून सगळं मांडलं. डबा फिरवला, अंडी दाखवली. दोन पोरींचे तळवे दाखवले, तिसरीचे दाखवले, मग आपले. मुसळाची कडी कोरून पेल्यात गाळ टाकला. पेला पांढरा झाला तशी बायांमधून एक हाय उठली. बेबीताईनं तोंडाला पदर लावला, कारण धोंडी तिनंच काढली होती, शेवटचं पाणी तिनंच ओतलं होतं.

"म्हंजे आमच्या धोंडीनंच मारले?" ती म्हणाली. "जेच्यासाठी पानी मांगतलं त्यालेच?"

"मुसळाले औषध लागलं कसं?" कोणीतरी विचारलं. "कोन ढवळत होतं त्यानं?"

हजराबीनं बायांच्या घोळक्याकडे पाहिलं. प्रेरणा सासूच्या मागे उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. डोळे खाली. हजराबीनं वाट पाहिली. पोरीनं आपणहून हात बाहेर काढावे, एवढीच तिची वाट. पदर हलला नाही.

मुसळ कोणाच्या घरून आलं हा एक शब्द बोलली असती तर अब्रार सुटत होता, आणि बोट त्या घरच्या सुनेवर येत होतं. पण अब्रारच्या हातात हुनर आहे, लोहारा गावच्या कारखान्यात त्याला कोणीही ठेवील. या पोरीला कोण ठेवील? हजराबीनं हा हिशेब पारावर उभ्या उभ्या केला.

"कोनं ढवळलं थे मी नाई सांगू शकत," ती म्हणाली.

"नाई सांगू शकत म्हंजे माहीत हाये," पुंडलिकराव म्हणाले. "मुसळ तुमच्या घरचं. औषध तुमच्या घरचं. मायनं पोराले झाकलं, दुसरं काय!"

"खोटं हाये!" गुरुजी काठी आपटून उभे राहिले. "हजराबी खोटं बोलत नाई!"

"गुरुजी, तुम्हाले दिसते का?" कोणीतरी मागून म्हणालं, आणि दोघंतिघं हसले. तीस वर्षं ज्यांचे कान पिळले तेच. गुरुजी खाली बसले.

बेबीताईनं निवाडा दिला तेव्हा तिनं हजराबीकडे पाहिलं नाही.

सहा

शनिवारी अब्रारनं टपरी बैलगाडीवर लादली. आईशी तो धड बोलला नाही.

"अम्मी, तुले माहीत होतं," एवढंच म्हणाला. "तू मले काहून नाई वाचवलं?"

"तू जगशीन, बेटा," ती म्हणाली. तेवढं एकच तिला म्हणता आलं. गाडी वळणाआड गेली तरी ती रस्त्यातच उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मुसळ ओढत अंगणात आणलं. रॉकेलची बाटली घेतली. तेवढ्यात गुरुजी आले. आता ते टाक्यावर जात नसत. तिकडे जायचा रस्ता सोडून लांबून यायचे.

"जाळू नको," ते म्हणाले. "धूर जहरी होईन. पाखरं हायेत झाडावर."

"मंग गाडते."

"गाडलं तर पान्याबरोबर खाली मुरन. कुठं तरी मातीत एखादा बेंडूक दडून असन अजून. पावसाची वाट पाहत मातीत गाडून घेतात ते. मी रोज त्याच आशेवर कान लावतो."

"नाल्यात फेकते."

"नाला कुठं जाते, हजराबी?"

ती मुसळ धरून उभी राहिली. सासूच्या सासूचं मुसळ, गावातल्या साठ-सत्तर लग्नांची हळद कुटलेलं. घरात ठेवावं तर पोरीबाळींचे हात लागतील. कोणाला द्यावं तर काय सांगून द्यावं?

"मंग ठेवू कुठं, गुरुजी?"

गुरुजी ओसरीच्या कडेला बसले आणि सवयीनं त्यांनी मान टाक्याच्या दिशेला कलती केली. हजराबीनंही कान दिला. दूर कोणाच्या तरी शेतात फवारणीचा पंप चालू होता. दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.